जुन्या ८०० ला मोठे अलॉय बसवायचेत? आधी टेप आणि खडू घ्या

वडिलांची १९९४ ची मारुती ८०० माझ्याकडे आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, पण पत्र्याच्या रिमा गंजून पापुद्रे सुटले होते, आणि डोक्यात पहिला विचार आला की हिला १३ इंची अलॉय, म्हणजे अल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमा, टाकू. आमच्या एरंडोलकडचे जुने लोक अजून मॅग व्हीलच म्हणतात त्याला. मला वाटलं चार नट काढायचे, चार लावायचे, संध्याकाळपर्यंत गाडी तयार. तसं नसतं भो. जुन्या गाडीला मोठं चाक बसवणं अवघड नाही, पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम चाक विकत घ्यायच्या आधीचं आहे, आणि नवीन लोक नेमकं तेच सोडून देतात म्हणून हे सगळं लिहितोय. उदाहरण ८०० चं आहे, पण फियाट पद्मिनी असो, अँबेसेडर असो की जिप्सी, पद्धत तीच.

माझी चूक आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. धुळ्याहून एक जुना सेट आणला, १३ इंची, चार होल, दिसायला एकदम भारी. घरी आणून हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या तबकडीवर चाक बसतं तिच्यावर, धरला तर एक स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा) होलात गेला आणि समोरचा स्टड सरळ रिमच्या धातूवर टेकला. टेप लावला तर समोरासमोरच्या होलांचं अंतर रिमवर १०० मिलिमीटर आणि आमच्या ८०० च्या हबवर स्टडचं ११४.३. चौदा मिलिमीटरचा फरक, आणि मी घ्यायच्या आधी मोजलंच नव्हतं. विकणाऱ्याने परत घ्यायला साफ नकार दिला. चौकातल्या पंक्चरवाल्या बाबांनी सेट हातात घेऊन बघितला आणि एवढंच म्हणाले, "भो, पहिले मोज, मंग लई ये." (आधी मोज, मग घेऊन ये.) त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाच्याही गाडीचं काम याच वाक्याने सुरू करतो.

पहिली पायरी : पीसीडी मोजा

पीसीडी म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यबिंदूंमधून जे गोल जातं त्याचा व्यास. चार स्टडची गाडी असेल तर सोपं आहे, समोरासमोरच्या दोन स्टडचं अंतर मोजायचं, पण मध्य ते मध्य डोळ्याने धरताना चूक होते म्हणून एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, तेच मध्य ते मध्य अंतर येतं. पाच स्टड असतील, जिप्सीसारखे, तर शेजारच्या दोन स्टडचं मध्य ते मध्य अंतर काढून त्याला १.७ ने गुणा. जिप्सीचं १३९.७ येतं, ८०० चं ११४.३, स्विफ्ट-डिझायरचं १००, आणि पॅलिओ, लिनिया या फियाटच्या गाड्यांचं ९८.

हे ९८ आणि १०० लक्षात ठेवा. दोन मिलिमीटरचा फरक आहे, रिम बसल्यासारखी वाटते, नट आवळले पण जातात, पण प्रत्येक नट तिरका ओढला जातो आणि चाक मधोमध बसतच नाही. मग ७० च्या वर स्टेअरिंग थरथरतं, माणूस बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतो आणि एक दिवस स्टड तुटतो. काही ठिकाणी लेथवर रिमला नवीन होल मारून देतात, वाटलं तर जुनी बुजवून पण देतात. कृपा करून हे करू नका. कास्ट अलॉयच्या ज्या जाडीवर सगळा भार असतो तिथंच तुम्ही भोकं पाडताय, आणि त्या गाडीत तुमच्या घरची माणसं बसणार आहेत.

मधलं भोक आणि नटाची बैठक

रिमच्या मधलं मोठं भोक हबच्या नाकापेक्षा, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यापेक्षा, लहान असेल तर विषय संपला, ती रिम आपली नाही. मोठं असेल तर मधे रिंग लागते, हब रिंग, प्लास्टिकची पण मिळते आणि अल्युमिनियमची लेथवर पण करून मिळते. व्हर्नियरने हबचं नाक मोजा, रिमचं भोक मोजा, दोन्ही आकडे कागदावर लिहून लेथवाल्याला द्या, नुसतं तोंडी सांगू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, वरून ब्रेकची उष्णता, त्यामुळे मी अल्युमिनियमचीच करून घेतली.

आता नट. पत्र्याच्या रिमचे जुने नट अलॉयला चालतीलच असं नाही. नट जिथे टेकतो ती जागा कुठे तिरकी शंकूसारखी असते, कुठे गोल वाटीसारखी, कुठे सपाट वायसरची. शंकूचा नट वाटीत बसवला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो, आवळताना घट्ट वाटतो पण १०० किलोमीटरात ढिला होतो. शिवाय अलॉयची जाडी जास्त असते म्हणून आटे किती धरतात ते बघा. मारुतीचे स्टड १२ मिलिमीटरचे आणि आट्याचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.२५, म्हणजे नट हाताने फिरवून टेकेपर्यंत निदान नऊ-दहा पूर्ण फेरे झाले पाहिजेत. पाच-सहा फेऱ्यात टेकला तर स्टड तोकडा पडतोय, लांब स्टड ठोकून घ्या. ह्युंदाईचा १.५ पिचचा नट दोन फेरे जाईल आणि अडकेल, तिथं पान्याने जोर लावला की आटे गेलेच समजा. फियाटवाल्यांनी आधी आपल्याकडे नट आहेत की बोल्ट ते बघायचं, बोल्ट असेल तर लांबी जास्त झाल्यावर तो आत ड्रमच्या बाजूला घासतो.

ऑफसेट, म्हणजे चाक आत जाणार की बाहेर येणार

यात सगळे गोंधळतात म्हणून सावकाश सांगतो. रिमच्या मागे ५जे, ईटी ३५ असं काहीतरी कोरलेलं असतं. ५ म्हणजे रिमची रुंदी इंचात, आणि ईटी म्हणजे रिमच्या बरोब्बर मधल्या रेषेपासून हबला टेकणारी जागा किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. ईटी जास्त असेल तर चाक आत ओढलं जातं, कमी असेल तर बाहेर येतं.

समजा तुमची जुनी रिम ४ इंच रुंद, ईटी ४० आहे. रुंदी झाली १०१.६ मिलिमीटर, अर्धी ५०.८. आतली कड हबच्या तोंडापासून ५०.८ अधिक ४० म्हणजे ९०.८ वर, आणि बाहेरची कड ५०.८ उणे ४० म्हणजे १०.८ वर. नवीन रिम ५ इंच, ईटी ३५ घेतली तर अर्धी रुंदी ६३.५, आतली कड ९८.५ वर आणि बाहेरची २८.५ वर. म्हणजे चाक आत शॉकअपच्या बाजूला साधारण ८ मिलिमीटर सरकलं आणि बाहेर मडगार्डच्या बाजूला जवळजवळ १८ मिलिमीटर आलं. आता गाडीखाली वाकून बघा की आत ८ ची जागा आहे का आणि बाहेर १८ ची आहे का. हा हिशोब पाच मिनिटांचा आहे, दुकानात उभं राहून मोबाईलवर होतो.

चाक खूप बाहेर काढलं की दिसायला रुंद दिसतं, मान्य आहे, पण जुन्या गाडीचे बेअरिंग, बॉल जॉइंट आणि हब त्या लांबलेल्या भाराला बनवलेले नसतात. स्टेअरिंग जड होतं, खड्ड्यात एक चाक गेलं की गाडी त्या बाजूला ओढते. चाक मडगार्डच्या रेषेबाहेर दिसलं तर ते मी बसवत नाही, आणि स्पेसर (हब आणि रिमच्या मधे घालायची चकती) टाकून बाहेर काढणं तर नाहीच.

टायरचा आकडा : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

आमच्या ८०० वर होता १४५/७० आर १२. म्हणजे १४५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ७० टक्के म्हणजे १०१.५, आणि रिम १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. पूर्ण व्यास काढायचा तर ३०४.८ मध्ये भिंत दोनदा मिळवायची, ५०७.८ आला. रिम मोठी करायची तर टायरची भिंत तेवढी कमी करायची, बाहेरचा व्यास शक्यतो होता तेवढाच ठेवायचा, जास्तीत जास्त ३ टक्के फरक, हे मूळ तत्त्व.

आता १३ इंचात बघू. १५५/६५ आर १३ चा व्यास येतो ५३१.७, म्हणजे ४.७ टक्के जास्त. १४५/७० आर १३ घेतला तर ५ टक्के. १७५/५० आर १३ हिशोबात अगदी बरोबर बसतो, ५०५.२, पण तो आपल्याकडे दुकानात मिळत नाही आणि पंक्चर होऊन कापला गेला तर चाळीसगाव ते नंदुरबार कुठंच दुसरा सापडणार नाही. म्हणून मी १५५/६५ आर १३ घेतला, पहिल्या अल्टो के१० ला हाच साइज यायचा त्यामुळे सगळीकडे मिळतो. ३ टक्क्यांची मर्यादा इथं ओलांडली जाते हे मला माहीत होतं, आणि त्याची किंमत काय ते पण सांगतो : काट्यावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ च्या जवळ असते, उचल थोडी मंदावते कारण ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन आहे आणि प्रत्येक गिअर लांबल्यासारखा होतो, आणि ब्रेक मारल्यावर चाकाला रस्त्यावर मिळणारा जोर पण तेवढ्याच प्रमाणात कमी होतो. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना हे कळतं. मी चाकं बदलायच्या आधी ब्रेक पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल सगळं नवीन केलं, तुम्ही पण आधी तेच करा.

१४ इंचाचा मोह होईल. १५५/६५ आर १४ चा व्यास ५५७ येतो, जवळपास १० टक्के जास्त. मडगार्ड कापल्याशिवाय बसत नाही आणि बसला तरी गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडते. साडेसहाशे किलोच्या गाडीला १३ पुरे, माझं तरी स्पष्ट मत आहे.

गाडीवर मूळ टायर कुठला होता तेच माहीत नसेल, जुन्या फियाट-अँबेसेडरवर नायलॉनचे ५.२०-१४ किंवा ५.९०-१५ असे आकडे असतात आणि त्यात भिंतीचा टक्का लिहिलेलाच नसतो, तर खडूने मोजा. सपाट अंगणात गाडी सरळ उभी करा, हवा बरोबर भरलेली पाहिजे, टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं टायरवर आणि फरशीवर एकाच रेषेत खडूची खूण करा. एकाने स्टेअरिंग सरळ धरायचं, दुसऱ्याने गाडी हळू ढकलायची, टायरवरची खूण पूर्ण फेरा मारून परत खाली आली की फरशीवर दुसरी खूण. दोन्हीतलं अंतर भागिले ३.१४. हिशोबाच्या आकड्यापेक्षा हे थोडं कमी भरतं कारण वजनाने टायर खाली दबलेला असतो, पण नवं चाकही असंच मोजलं की तुलना बरोबर होते.

टायर घेताना लोड इंडेक्स बघा, ६८ म्हणजे एका टायरवर ३१५ किलो, ७३ म्हणजे ३६५, मूळ टायरपेक्षा कमी आकडा घ्यायचा नाही. आणि भिंतीवर चार आकडी तारीख असते, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. खूप दिवस दुकानात पडलेला टायर आपल्या उन्हात लवकर तडकतो. नायलॉन आणि रेडियल एकाच एक्सलवर कधीच मिसळू नका, बदलायचे तर चारही.

जुना सेट घेत असाल तर

रिम स्वच्छ धुऊन उन्हात आतल्या बाजूने बघा. आतली कड ठोकून सरळ केलेली असते तिथं रंग जाड दिसतो, वेल्डिंगची रेघ असेल तर बोटाला लागते. रिम सपाट फरशीवर ठेवून बघा, डुलली तर वाकलेली आहे. मागे जेडब्ल्यूएल, व्हीआयए किंवा आयएसआय असा दर्जाचा शिक्का आहे का बघा, नसेल तर कितीही स्वस्त असू द्या, सोडून द्या.

बसवण्याचा दिवस

गाडी पक्क्या सपाट जागेवर, मातीवर जॅक लावायचा नाही, काळ्या मातीत तर अजिबात नाही. जॅक लावणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा, नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक, आणि खाली स्टँड. हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, तीस वर्षांचा गंज तिथं पापुद्र्याने बसलेला असतो आणि त्यावर अलॉय टेकवली तर पापुद्रा दबून नट आपोआप ढिले होतात. आट्यांना ग्रीस लावू नका.

चाक लावायच्या आधी एकट्या रिमला हबवर धरून फिरवा, ब्रेकच्या कॅलिपरला आरा कुठं लागत नाही ना बघा. मग टायर चढवून बॅलन्सिंग, आणि वजनं आतून चिकटवायची घ्या, ठोकायची नको, अलॉयची कड खराब होते. टायर ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व नवीनच. सगळे नट हाताने पूर्ण फिरवून टेकवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, चाक जमिनीवर टेकवा आणि शेवटी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. हवेच्या गनने घरर्र करून आवळून देतात ते करू देऊ नका, आणि टॉमीवर, म्हणजे पान्याच्या दांड्यावर, उभं राहून पण नाही.

आता खास आपली युक्ती. शेतातली काळी माती भिजवून कणकेसारखी मळा, तिचे लिंबाएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या कडेला, शॉकअपच्या बाजूला आणि पुढच्या चाकाच्या मागच्या कोपऱ्यात चिकटवा. चार दणकट माणसं गाडीत बसवा, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग गावातल्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून हळू न्या. परत येऊन गोळे बघा. आमच्या गाडीत उजव्या पुढच्या मडगार्डचा गोळा पापडासारखा चपटा झाला होता आणि त्यावर टायरची नक्षी उमटली होती, स्पष्ट, रेघ न रेघ. बाकी सगळे गोल. म्हणजे घासणारी जागा नेमकी कळली, डेंटरने तिथली आतली कड गरम करून वर दुमडून दिली. न तापवता ठोकली असती तर जुना रंग उडाला असता. परत गोळे लावले, परत फिरलो, तेव्हा बोटभर जागा राहिली.

मग अलाइनमेंट करा, आणि त्यानंतर जळगाव ते धुळे असा एक फेरा मारा, नव्वदेक किलोमीटर होतात, आणि पोहोचल्यावर चाकं गार होऊ देऊन सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. माझे दोन नट थोडे सरकले होते. हे टाळू नका, नवीन अलॉय बसताना थोडी दबतेच.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत नोंदणीपेक्षा वेगळे फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटू नका असंच सांगितलंय. म्हणून बॉडी कापू नका, आणि आधी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीला विचारून घ्या, विम्याचं तर लेखी उत्तर घ्या. १५ वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा तपासणीला मूळ चाकं लावून नेणं सोपं पडतं. आणखी एक, ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची फियाट असेल तर ती या वयाला पोहोचलीच आहे. म्हणून पत्र्याच्या रिमा भंगारात घालू नका. मी आमच्या घासून, प्रायमर मारून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात.

वापरताना

हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासा. दुपारी उन्हात चार पीएसआय जास्त दिसले म्हणून काढून टाकू नका, संध्याकाळी टायर कमी हवेवर पळेल आणि कमी हवेत बारीक भिंतीचा टायर खड्ड्यात रिमपर्यंत दबतो, अलॉय वाकते. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलात आणि दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावर ६० ला स्टेअरिंग थरथरायला लागलं तर लगेच बॅलन्सिंगवाल्याकडे पळू नका, आधी चाकाच्या आतल्या बाजूला हात घाला, काळी माती एका बाजूला सुकून दगडासारखी बसलेली असते. पाण्याच्या पाइपने भिजवून काढली की निम्म्या वेळा थरथर तिथंच थांबते.

आणि स्टेपनी. ती अजून १२ इंचीच आहे, तिला जुने नट लागतात, म्हणून जुन्या नटांचा एक संच कापडात बांधून डिकीत ठेवा. ८०० पुढच्या चाकांवर ओढते, त्यामुळे लहान स्टेपनी पुढे लावली तर दोन बाजूंची चाकं वेगवेगळी फिरतात आणि डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) सतत ताण येतो. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं एक अलॉय काढून पुढे लावा, स्टेपनी मागे टाका, आणि पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत ४० च्या आत चालवा.